घाटाखालचा पंधरा ऑगस्ट

सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागलं की आधी गोळेगाव, मग अजिंठा गाव, मग घाट. घाट उतरला की लेण्यांचा फाटा, फर्दापूर, आणि आणखी थोडं पुढे वाकोद. एसटीत डुलक्या घेणाऱ्या माणसाला फर्दापूर आणि वाकोदच्या मध्ये काही जाणवत नाही. जागा असलाच तर जिल्हा बदलल्याची पाटी दिसते. 15 ऑगस्ट 1947 ला मात्र याच दोन गावांच्या मधून देशाची हद्द जात होती. वाकोद पूर्व खानदेशात, म्हणजे मुंबई इलाख्यात. तिकडचा मुलूख त्या दिवशी स्वतंत्र झाला. फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड निजामाच्या राज्यात. इकडे तिरंगा लावणं हा गुन्हा होता. वाकोदचा शेतकरी स्वतंत्र भारताचा नागरिक आणि फर्दापूरचा त्याचा मेहुणा निजामाची रयत, अशी स्थिती पुढे 399 दिवस होती. 17 सप्टेंबर 1948 ला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली तेव्हा ती संपली.

महाराष्ट्र दिन सोडला तर आमच्याकडे शाळेत वर्षाला तीन वेळा झेंडावंदन होतं. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी सगळ्या देशाचे, 17 सप्टेंबर मराठवाड्याचा. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना या तिसऱ्या झेंड्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो, आणि सांगता सांगता आपल्यालाही तो नीट सांगता येत नाही असं लक्षात येतं. सुटका नेमकी कोणापासून झाली? कोणाची झाली? आणि सगळ्यांची एकाच दिवशी झाली का? या प्रश्नांवर गेल्या पाऊणशे वर्षांत मराठवाड्यात बरंच लिहिलं-बोललं गेलं आहे. त्याचा आढावा सिल्लोडात बसून घ्यायचा तर सुरुवात हद्दीपासूनच करावी लागते.

स्वातंत्र्य म्हणजे परक्याचं राज्य जाणं, ही शाळेतली व्याख्या या भागात पहिल्याच पायरीवर अडखळते. शेजारच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं लहानसं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेला आर्थर वेलस्लीने हरवलं. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मराठ्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, इंग्रजांच्या फौजेत बहुतेक शिपाई हिंदुस्थानी, आणि निजाम इंग्रजांचा मित्र. यातला आपला कोण आणि परका कोण, हे त्या दिवशी असईच्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने उभ्या पिकाकडे बोट दाखवलं असतं. राष्ट्र नावाची गोष्ट अजून त्याच्या दारात आलेली नव्हती.

ती आली त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, तीही परवानगीच्या अंगाने. सिल्लोडच्या माणसाने गोरा कलेक्टर जवळजवळ पाहिलाच नाही. त्याच्या डोक्यावरचं सरकार हैदराबादला होतं. 1911 पासून गादीवर मीर उस्मान अली खान, राज्याचा विस्तार सुमारे 82 हजार चौरस मैल, 1941 च्या खानेसुमारीत लोकसंख्या एक कोटी 63 लाखांच्या घरात. लोक मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे, कचेरी उर्दू. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चासाठी राखलेला, आणि साधारण तीस टक्के जहागीरदारांकडे. नाणंसुद्धा वेगळं. इकडे हाली, तिकडे कळदार. सात हाली मोजले तेव्हा सहा कळदार मिळायचे. हद्दीवर करोडगिरीचे नाके. घाट ओलांडून कापूस न्यायचा तर जकात भरा.

या सगळ्यापेक्षा मुकाट्याने जास्त जाच करणारी गोष्ट होती एक गस्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक. गस्ती निशान 53. सभा घ्यायची तर आधी परवानगी. खासगी शाळा काढायची तरी परवानगी लागे. म्हणून या मुलखातली स्वातंत्र्याची चळवळ बंदुकीने सुरू झाली नाही, ती शाळेने सुरू झाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय, ही त्या चळवळीची पहिली ठाणी. व्यंकटेश खेडगीकर नावाचा शिक्षक या शाळांतून घडला आणि संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. मुलांना मातृभाषेत इतिहास शिकवायचा एवढाच हट्ट सुरुवातीला होता. एवढ्यासाठी राज्यकर्त्याची झोप उडावी, यातच त्या राज्याचं मोजमाप आलं.

वर्तमानपत्राचीही तीच गत. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्याहून. निजाम सरकारने बंदी घातली की ते नवं नाव घेऊन पुन्हा हद्दीत शिरायचं. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणणं सोडायला नकार दिला आणि शेकडो जण कॉलेजातून काढले गेले. त्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. त्यात पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक मुलगा होता.

इथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, कारण मुक्तिदिनाच्या भाषणांतून ती हमखास गळते. घाटाखालची अजिंठ्याची लेणी आज जशी दिसतात त्यात निजामाच्या पुरातत्त्व खात्याचा मोठा वाटा आहे. गुलाम याझदानी यांच्यासारखा विद्वान त्या खात्याचा प्रमुख होता. 1920 च्या सुमारास चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून कारागीर आणले गेले. उस्मानिया विद्यापीठाने 1918 पासून उच्च शिक्षण देशी भाषेत देऊन दाखवलं. इंग्रजी मुलखातल्या सरकारी विद्यापीठांना हे सुचलं नव्हतं. मात्र ती देशी भाषा उर्दू होती, आणि सिल्लोडच्या मराठी पोराला ती इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे. म्हणजे राज्य नुसतं वाईट होतं असं नाही. ते मेहेरबानीवर चालणारं होतं. लेणी जपली ही मेहेरबानी, सभा होऊ दिली ही मेहेरबानी, आणि उद्या दोन्ही बंद केल्या तर विचारायचं कोणाला? माझ्या मते स्वातंत्र्याच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. चांगला राजा आणि वाईट राजा या वादाने ती सुटत नाही.

त्या काळच्या कार्यकर्त्यांना हे उमगलेलं होतं, म्हणूनच त्यांची पहिली मागणी आज वाचताना फार मवाळ वाटते. 1937 मध्ये परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्या वर्षी स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ती 1946 पर्यंत टिकली. या सगळ्यांचं मागणं जबाबदार राज्यपद्धतीचं होतं, तेही निजामाच्या छत्राखाली. छत्र राहू दे, पण मंत्री लोकांना उत्तर देणारा हवा. गादी जावी असं तेव्हा फार थोडे म्हणत. दहा वर्षांत हे मागणं ‘भारतात सामील व्हा’ इथपर्यंत का आलं, याचं उत्तर 1947 च्या जूनमध्ये आहे. इंग्रज गेल्यावर आपण कोणातच सामील होणार नाही, स्वतंत्र राहणार, असं निजामाने जाहीर केलं. राजाही स्वातंत्र्य मागत होता आणि रयतही. शब्द एकच, अर्थ एकमेकांचे गळे धरणारे. राष्ट्राचं स्वातंत्र्य आणि माणसाचं स्वातंत्र्य आपोआप एक नसतात, याचा याहून स्वच्छ दाखला मला तरी दुसरा सापडत नाही.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 7 ऑगस्ट 1947 ला सामिलीकरण दिन, 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक, 29 नोव्हेंबरला भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार. कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव हैदोस घातला. शिंदीची झाडं तोडणं, लेव्हीचं धान्य न देणं, करोडगिरीचे नाके जाळणं असा प्रतिकार चालू राहिला. मनमाड, उमरखेड अशा हद्दीबाहेरच्या गावांत लढ्याच्या छावण्या होत्या. गोविंदभाई श्रॉफ आणि दिगंबरराव बिंदू यांची कृती समिती त्या चालवत होती. 30 जानेवारी 1948 ला कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली; दिल्लीत गांधीजींचा खून झाला तो हाच दिवस. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातात बंदूक घेऊन या लढ्यात उतरल्या. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. भारतात सामील व्हावं असं ते लिहीत होते. 13 सप्टेंबरला भारतीय फौज चारी बाजूंनी आत शिरली. 15 पर्यंत औरंगाबाद आणि जालना तिच्या ताब्यात आले. 17 ला खेळ संपला. कागदावर ‘ऑपरेशन पोलो’, आमच्याकडे ‘पोलीस ॲक्शन’. रणगाडे आले, विमानं आली, आणि नाव पोलिसांचं! सरकारी भाषेचा हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे.

यावरचं मराठी लेखन भरपूर आहे. अनंत भालेराव यांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक वाचल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये, असं मी तरुणांना नेहमी सांगतो. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी आहेत. निजामाच्या नोकरीत राहून ते राज्य आतून पाहिलेले सेतुमाधवराव पगडी आहेत. नरहर कुरुंदकरांनी या लढ्याकडे धर्माच्या भांडणापलीकडे जाऊन राज्यसंस्थेच्या प्रश्नासारखं पाहिलं, आणि ते आजही बहुतेकांना पचलेलं नाही. दिल्लीच्या बाजूने कन्हैयालाल मुन्शींचं पुस्तक आहे, निजामाचे शेवटचे पंतप्रधान लायक अली यांचं आहे. मात्र आपल्याकडचं बहुतेक लेखन 17 सप्टेंबरच्या संध्याकाळी थांबतं. 18 तारखेला काय झालं?

त्याचं उत्तर शोधायला पंडित नेहरूंनीच एक समिती पाठवली होती. पंडित सुंदरलाल तिचे प्रमुख, काझी अब्दुल गफार सदस्य. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांना बसली. अहवाल दाबून ठेवला गेला आणि 2013 च्या सुमारास दिल्लीतल्या ग्रंथालयात वाचायला मिळू लागला. आकड्यांवर वाद आहे आणि तो होत राहावा. पण रझाकारांच्या अत्याचारांच्या कहाण्या पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्या गावांत या दुसऱ्या कहाण्यांबद्दल पाळली गेलेली शांतता हा वादाचा विषय नाही, ती आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आमच्या तालुक्यात हिंदू-मुसलमान बाजारात एकाच ओट्यावर मिरची विकतात, एकमेकांच्या मयतीला जातात. 17 सप्टेंबरच्या सकाळी मात्र काही घरं गप्प असतात. त्यांना रझाकारांचे वारस म्हणणं सोपं आहे. शोएबुल्ला खानांचे वारस म्हणणं आपल्याला सुचतही नाही.

तर मग सुटका झाली कधी? ज्याच्या त्याच्या दारात ती वेगळ्या तारखेला आली असं दिसतं. जहागिरी 1949 च्या ऑगस्टमध्ये गेल्या, कुळांना संरक्षण देणारा कायदा 1950 चा. कसणाऱ्याच्या लेखी खरा मुक्तिदिन हा, तोही तलाठ्याने नोंद केली असेल तर. 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली आणि त्याच दिवशी निजाम राजप्रमुख झाला, म्हणजे राजा गेला आणि राजप्रमुख होऊन परत आला. ते पद 1956 मध्ये संपलं. घाटावरच्या साध्या बाईने मतपत्रिका प्रथम पेटीत टाकली ती 1951-52 च्या निवडणुकीत. सिल्लोड, कन्नड, सोयगावच्या तांड्यांवरच्या भटक्या-विमुक्तांची तारीख आणखी वेगळी. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा देशभर रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. इंग्रज जाऊन पाच वर्षं झाली होती. म्हणून विमुक्तांच्या वस्त्यांवर आजही 31 ऑगस्ट साजरा होतो.

दलितांची तारीख सांगणं सर्वांत अवघड. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर 1947 मध्येच संस्थानातल्या अस्पृश्यांना बजावलं होतं की निजामाच्या बाजूला जाऊ नका. 1950 मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद. खेड्यातून पायी आलेली पोरं तिथे शिकली, लिहू लागली, बोलू लागली. आणि 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. निजामाशी लढलेल्यांच्या मुलखात हे झालं, आणि लढलेल्यांपैकी काही थोर माणसं नामांतराच्या विरोधात उभी होती. त्यांचा युक्तिवाद प्रादेशिक अस्मितेचा होता, आणि तो मी समजून घेऊ शकतो. पण मराठवाडा हे नाव मुक्तीचं प्रतीक असेल तर ते वाचवण्यासाठी घर जाळावं लागत नाही. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. ठरावापासून साडेपंधरा वर्षांनी.

17 सप्टेंबरला काय म्हणायचं यावरही एकमत नाही. निजामाचं राज्य 1956 मध्ये तीन राज्यांत वाटलं गेलं आणि तारीखही तिघांनी वाटून घेतली. आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात विमोचन दिन होता, 2019 पासून कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात तर दर सरकारागणिक नाव बदलतं: आधी राष्ट्रीय एकात्मता दिन, मग प्रजापालन दिन, आणि केंद्र सरकार त्याच हैदराबादेत मुक्तिदिन साजरा करतं. कम्युनिस्टांना हा दिवस विलीनीकरणाचा वाटतो, कारण जमिनीसाठी त्यांची लढाई आधीपासून चालू होती आणि फौज आल्यावरही थांबली नाही. गोव्याने 19 डिसेंबर 1961 साठी चौदा वर्षं वाट पाहिली. तिथेही मुक्ती की आणखी काही, हा वाद चालतोच. नावाचे वाद पाहून काही जण चिडतात. मला ते निरोगी वाटतात. ज्या दिवसाच्या नावावर कोणी भांडत नाही, तो दिवस फक्त सुट्टीचा उरतो.

शेवटी अलीकडची एक गोष्ट, जी भालेरावांना आणि कुरुंदकरांना पाहायला मिळायला हवी होती. 2023 पासून मराठवाड्यात निजामकाळातले कागद शोधण्याची धावपळ सुरू झाली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदी पाहण्यासाठी तहसिलींतली दप्तरं उघडली. 2 सप्टेंबर 2025 ला, आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचं मुंबईतलं उपोषण सुटलं त्या दिवशी, हैदराबाद गॅझेटच्या, म्हणजे निजामकाळातल्या सरकारी नोंदींच्या आधाराचा शासन निर्णय निघाला. लगेच बंजारा समाजानेही त्याच गॅझेटकडे बोट दाखवून अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. ओबीसी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. ज्याच्यापासून सुटलो त्या निजामाच्या कारकुनाने लिहिलेली जात आज आपली सर्वांत भक्कम ओळख ठरते आहे. यात कोणाचं खरं आणि कोणाचं खोटं, हे न्यायालय ठरवेल. पण मला यात नामुष्कीपेक्षा कबुली जास्त दिसते. पाऊणशे वर्षांत शेती परवडेनाशी झाली, नोकऱ्या वाढल्या नाहीत. 1984 च्या दांडेकर समितीपासून अनुशेषाचे अहवाल आले आणि कपाटात गेले. मग माणूस मिळेल तो कागद धरतो, अगदी निजामी फसली सालातलाही.

ही शोधाशोध चालू असताना उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं एकदम किमती झाली. जी भाषा शिकावी लागते म्हणून आमचे आजोबा चिडत, ती वाचणारा आता शोधून सापडत नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. 1948 मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज सत्त्याऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या घरात, गल्लीत असं कोणी असेल तर येत्या 17 सप्टेंबरच्या आत त्यांच्याजवळ तासभर बसा, मोबाईलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. रझाकारांबद्दल विचाराच. ॲक्शननंतरच्या महिन्याबद्दलही विचारा, आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यालाही तेच दोन्ही प्रश्न विचारा. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत उर्दू किंवा मोडीतले पिवळे कागद सापडले, तर ते वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका.